आकडे वाढले म्हणजे कार्यक्रम फसला?

रुग्णालयात लागणारे संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत: हात धुवायला समिती आणि फॉर्म कशाला, आणि देखरेख सुरू झाल्यावर संसर्गाचे आकडे वाढले असं मीच लिहिलंय, तेव्हा कार्यक्रम फसलाच की.

आकड्यांचं आधी बोलू. कोणी मोजत नसतं तेव्हा 'आमच्याकडे संसर्ग नाही' असं छातीठोकपणे सांगता येतं. ताप चढला, कल्चर (रक्त-लघवीच्या नमुन्यात जंतू वाढतात का, ही तपासणी) न पाठवताच अँटिबायोटिक बदललं, की नोंद होण्याचा प्रश्नच मिटला. कल्चर नेमाने जाऊ लागली की झाकलेलं वर येतं. सुरुवातीच्या चढाने मी म्हणूनच घाबरत नाही. सलग शून्य दिसलं की मात्र आधी विचारते, कल्चर किती पाठवली? शिवाय नुसती संख्या बघू नका. सेंट्रल लाइनचा, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा, संसर्ग दर १००० लाइन-दिवसांमागे मोजतात (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस). लाइन दुप्पट लागल्या आणि संसर्गही दुप्पट झाले, तर दर आहे तिथेच असतो.

आता हात. कळतं सगळ्यांनाच, खरंय. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातही १९९४ मध्ये कळत होतंच, तरी पाळलं जायचं ४८ टक्के वेळा. तिथले डॉक्टर दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) खाटेपाशी आणला, फलक लावले, मोजत राहिले. १९९७ पर्यंत ते ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, त्यात बेसिन वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. एकीकडे औषधाचा पंप बोंबलतोय, शेजारचा रुग्ण उलटी करतोय. नर्स त्याच हातमोज्यांनी पुढच्या खाटेकडे धावते. तिला शिकवायचं काय राहिलंय? (सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर मात्र बेसिनच गाठावं लागतं, त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.)

फॉर्मबद्दल तुमच्याशी फारसा वाद नाही. ऑडिटवाली वही घेऊन उभी राहिली की सगळ्यांचे हात आपोआप बाटलीकडे वळतात. तो आकडा मी अर्धाच खरा धरते. पण एक टिक मी सोडणार नाही: लघवीची नळी आज हवीच का? ती का घातली हे दोन-तीन दिवसांत कोणाला आठवत नाही आणि राहील तितका धोका वाढत जातो. ही टिक राउंड घेणाऱ्या डॉक्टरांनी करावी, आणि नको ठरलेली नळी काढायला नर्सला वेगळ्या ऑर्डरची वाट बघायला लावू नये.