‘पहिल्या वर्षी काहीही घ्या, पुढे बदलता येतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आंब्यांबरोबर सल्लेही पिकतात. हा सल्ला भाचीच्या मोबाइलवर क्लासच्या ग्रुपमधून आला, तिच्याकडून तिच्या आईकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत पोचला. ‘एफवायबीएस्सीला ॲडमिशन घेणाऱ्यांनी जरूर वाचा’ अशी सुरुवात, खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात. ‘पहिल्या वर्षी काहीही घ्या’ हा पहिला मुद्दा वाचून भाची यादीतले वरचे तीन विषय टिकमार्क करून मोकळी होणार होती. म्हणून हा खटाटोप.

बहुतेक मुद्द्यांचं उत्तर एकाच कागदात आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर 2022 मध्ये पदवीसाठी अभ्यासक्रम आणि श्रेयांकांचा (क्रेडिट, म्हणजे विषयाच्या तासांचं माप) आराखडा काढला. राज्य सरकारने 20 एप्रिल 2023 आणि 13 मार्च 2024 च्या शासन निर्णयांनी तो आपल्याकडच्या विद्यापीठांना लावला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ‘एनईपी’ (नवं शैक्षणिक धोरण) हा शब्द सात वेळा लिहिलाय, पण हा आराखडा उघडून पाहिल्याची खूण एकाही ओळीत नाही.

‘ओई, व्हॅल्यू, आयकेएस हे विषय नावाला असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत.’

ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू म्हणजे मूल्यशिक्षण, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. हा मेसेजमधला दुसरा मुद्दा, पण आधी हाच घेतो, कारण सगळ्यांत हास्यास्पद हा आहे आणि पहिल्या मुद्द्याची वाट हाच लावतो.

निकालात एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, कसा काढतात ते बघा. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्यातला ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. या सूत्रात ‘नावाला असलेले विषय’ असा कप्पा नाही. एक नमुना सेमिस्टर घेऊ, एकूण 22 क्रेडिटचं. विज्ञानाचे तीन विषय प्रत्येकी 4 क्रेडिटचे, म्हणजे 12. उरलेले 10 क्रेडिट ओई, स्किल, भाषा, व्हॅल्यू आणि आयकेएस यांचे, प्रत्येकी 2. म्हणजे जवळपास निम्मं सेमिस्टर हे ‘नावाचे’ विषय खातात.

आता एका मुलीला विज्ञानाच्या तिन्ही विषयांत ए ग्रेड मिळाली, म्हणजे 8 पॉइंट. 12 गुणिले 8, झाले 96. फॉरवर्डवर विश्वास ठेवून बाकीच्या पाच विषयांत ती जेमतेम पास झाली, पी ग्रेड, 4 पॉइंट. 10 गुणिले 4, झाले 40. एकूण 136 भागिले 22, एसजीपीए 6.18. त्याच मुलीने त्या पाच विषयांना आठवड्यातला एखादा तास देऊन बी प्लस, म्हणजे 7 पॉइंट मिळवले असते तर 166 भागिले 22, म्हणजे 7.55. फिजिक्सचा एक मार्क वाढला नाही, केमिस्ट्रीचा वाढला नाही, तरी सव्वा पॉइंटाहून जास्त फरक.

नापास झालं तर आणखी पुढचं. एफ ग्रेडला शून्य पॉइंट, पण भागताना ते 2 क्रेडिट खाली धरलेच जातात. निकालावर केटी (राहिलेला विषय) लागते ती वेगळीच. ‘केटी काय, सुटेल पुढच्या वेळी’ असं म्हणणाऱ्यांनी आता येणारा, मेसेजमधला पहिला मुद्दा नीट वाचावा.

‘पहिल्या वर्षी कुठलेही विषय घ्या, दुसऱ्या वर्षी हवा तो मेजर मिळतो. बॉटनीवाल्याला कॉम्प्युटरही मिळतं.’

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलण्याची सोय यूजीसीच्या आराखड्यात आहे. पण त्याच परिच्छेदातलं पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. बदल मिळतो तो त्याच मोठ्या विषयगटाच्या आत. त्यासाठी कॉलेजला मंजूर जागांवर 10 टक्के जादा जागा करता येतात. आणि प्राधान्य कुणाला? ज्यांचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरांची मिळून सरासरी) सगळ्यांत जास्त आणि एकही विषय राहिलेला नाही त्यांना. दुसऱ्या मुद्द्यावर विसंबून ओईत केटी लावून घेतलेली मुलगी पहिल्या मुद्द्यातल्या रांगेत सगळ्यांत मागे उभी राहते. एकाच मेसेजमधले दोन सल्ले एकमेकांचे पाय ओढतात ते असे.

त्यातून बॉटनी ते कॉम्प्युटर. आराखड्यात बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे एका गटात आहेत. गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर वेगळ्या गटात. शिवाय आपल्याकडे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, त्याला स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र अटी. साध्या बीएस्सीच्या दारातून आत शिरून मधल्या भिंतीतून पलीकडे जाता येत नाही. बीसीएची गोष्ट तर आणखी निराळी. 2024 पासून त्याला राज्याची सीईटी आहे.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात दोन रचना दिसतात. काही विद्यापीठांत पहिल्या सेमिस्टरपासूनच एक विषय मेजर आणि दुसरा मायनर (दुय्यम) असतो. काहींत पहिल्या वर्षी विज्ञानाचे तीन विषय सारख्या वजनाने शिकवतात. दुसऱ्या वर्षी त्या तिघांतला एक मेजर होतो, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. तीनची रचना जास्त मोकळी वाटते आणि आहेही. पण निवड त्या तिघांतूनच असते. पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेतलं असेल तर दुसऱ्या वर्षी फिजिक्स मेजर मागायला गेलात की ऑफिसच्या खिडकीतून एकच प्रश्न येतो: ‘पहिल्या वर्षाचे फिजिक्सचे क्रेडिट कुठेत?’

म्हणून तीन विषय लिहिताना कसोटी एकच ठेवा. तिघांतला प्रत्येक विषय मेजर म्हणून पुढची दोन-तीन वर्षं करायला चालेल का? एखादा विषय केवळ मित्राने घेतला म्हणून किंवा त्याचं प्रॅक्टिकल सोपं असतं म्हणून घेत असाल, तर तुमच्या हातात तीन नव्हे, दोनच पर्याय उरले. आणि दुसऱ्या वर्षी आवडत्या विषयाच्या मेजरच्या जागा भरल्या, तर एकच.

गट आधी बघा, विषय नंतर. कॉलेजं सुटे विषय क्वचितच देतात. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी, मॅथ्स-स्टॅट-इलेक्ट्रॉनिक्स असे ठरलेले गट असतात, कारण प्रॅक्टिकलच्या बॅचेस आणि वेळापत्रक त्यावर बसवलेलं असतं. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये 30 तास लागतात, लेक्चरच्या एका क्रेडिटला 15. तीन विषयांचं 2-2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे 15 आठवडे, आठवड्याला 12 तास प्रयोगशाळेत. त्यात फिजिक्स आणि झूलॉजीची बॅच एकाच दुपारी असेल तर प्राचार्यांची इच्छा असूनही काही करता येत नाही.

बदल करायचाच असेल तर तो दुसऱ्या वर्षी नव्हे, पहिल्या दोन आठवड्यांत करा. बहुतेक कॉलेजात विषय बदलण्याची एक छोटी मुदत असते, सूचना फलकावर लागते आणि निघूनही जाते. साधारण रीत अशी: अर्ज, जुन्या आणि नव्या दोन्ही विषयांच्या विभागप्रमुखांच्या सह्या, मग ऑफिसमध्ये नोंद. यातली शेवटची पायरी मुलं विसरतात. सह्या घेतात, नव्या वर्गात बसायला लागतात, अर्ज मात्र दप्तरातच राहतो. ऑक्टोबरात परीक्षेचा फॉर्म निघतो तेव्हा पोर्टलवर जुनाच विषय. हॉल तिकिटावर बॉटनी आणि हातातलं जर्नल स्टॅटचं. परीक्षा फॉर्म प्रिंट झाला की प्रत्येक विषयाचा कोड स्वतः वाचा. लेखी आणि प्रॅक्टिकल यांचे कोड वेगळे असतात. एक बदललाय आणि दुसरा राहिलाय हा घोळ नेहमीचा.

उशिरा बदलणाऱ्याचं जर्नलही अडकतं. पहिले तीन-चार प्रयोग झालेले असतात, बॅच पुढे गेलेली असते आणि सर्टिफाय झालेल्या जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला उभं करत नाहीत. सुटलेले प्रयोग कधी भरून देणार, हे नव्या विषयाच्या बाईंना पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

‘बारावीला मॅथ्स नसलं तरी फिजिक्स, स्टॅट बिनधास्त घ्या. अटी उठल्या.’

अटी उठलेल्या नाहीत. पात्रता विद्यापीठ ठरवतं आणि कॉलेजागणिक थोडी सैल-घट्ट असते. काही कॉलेजं बायोलॉजी गटातल्या मुलांना फिजिक्स देतात, हे खरं. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि वर्गात टिकणं वेगळं.

पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्स असेल तर हवेच्या विरोधात खाली पडणाऱ्या वस्तूचं उदाहरण लवकरच येतं. वेग वाढतो तसा विरोध वाढतो, शेवटी वेग स्थिर होतो. इथवर कुणालाही कळतं. पण तो वेग कुठल्या क्षणी किती, हे काढायला एक डिफरन्शियल इक्वेशन सोडवावं लागतं. त्यात चल वेगळे करायचे, दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करायचं, लॉग येतो, लॉग काढून घातांक येतो. सर हे फळ्यावर चार ओळींत करतात, कारण वर्गातल्या बहुतेकांनी ते बारावीत केलेलं असतं. ज्याने केलेलं नाही तो चौथ्या ओळीपर्यंत वही मिटतो. केमिस्ट्रीवाल्यांचीही सुटका नाही, फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा दर म्हणजे तोच लॉग, तेच इंटिग्रेशन.

तरीही घ्यायचंच असेल तर जूनचे चारही आठवडे असे वापरा. बालभारतीचं बारावीचं ‘गणित व संख्याशास्त्र’, कला-विज्ञान शाखेचं, भाग 2. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे. त्यातली डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, अनिश्चित आणि निश्चित इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन ही प्रकरणं क्रमाने करा. स्टॅट घेणाऱ्यांनी शेवटची दोन संभाव्यतेची प्रकरणंही. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचू नका, उत्तर झाकून करा. डिफरन्सिएशनच्या आधीच अडखळलात तर अकरावीच्या पुस्तकातलं लिमिट करून परत या. जुलै उजाडला तरी इंटिग्रेशनवर हात बसत नसेल, तर विषय बदलण्याची मुदत अजून संपलेली नाही.

एक गोष्ट फार उशिरा कळते, म्हणून इथे. फिजिक्सच्या एमएस्सीला अनेक आयआयटी पदवीत किमान दोन सेमिस्टर गणित शिकल्याची अट घालतात. प्रवेश जॅम या प्रवेशपरीक्षेतून होतो आणि जॅमचे पेपर सातच आहेत: बायोटेक्नॉलॉजी, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, जिऑलॉजी, मॅथेमॅटिक्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स. पहिल्या वर्षी गणित टाळलेलं असेल तर पेपर उत्तम जाऊनही पात्रतेच्या रकान्यात अडकायला होतं. ज्या एमएस्सीवर डोळा आहे तिच्या पात्रतेची ओळ आत्ताच वाचा, तिसऱ्या वर्षी नव्हे.

बाकीचे मुद्दे, एका दमात

‘ओईला बारावीचाच विषय घ्या, फुकटचे मार्क.’ आराखडा नेमकं हेच नको म्हणतो. बारावीला झालेला विषय ओई म्हणून पुन्हा घेता येत नाही. राज्याच्या रचनेत ओई दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. विज्ञानाच्या मुलाने कॉमर्स किंवा आर्ट्सकडचा. ‘रोजच्या जीवनातलं रसायनशास्त्र’ हा ओई आर्ट्सवाल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. पोर्टलने चुकून घेऊ दिला तरी तपासणीत परत येतो, आणि तोवर चांगल्या ओईच्या जागा गेलेल्या असतात.

‘40 टक्के क्रेडिट घरबसल्या ऑनलाइन.’ 40 टक्के ही मर्यादा स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलच्या 2021 च्या नियमांत आहे, नाही म्हणत नाही. ती कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही. कोर्स कॉलेजने आधी मान्य केलेला हवा. आधी कोर्स करून मग सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात गेलात तर ते फक्त फाइलला लावायच्या कामाचं. स्वयमवरचा एनपीटीईएलचा 8 आठवड्यांचा कोर्स 2 क्रेडिटचा धरतात. त्यात असाइनमेंटचे 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेचे 75 पैकी किमान 30 लागतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिची फी वेगळी. ब्युरेट घरी येत नाही, त्यामुळे आठवड्याचे ते 12 तास कॉलेजातच.

‘एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट.’ मिळतं, पण किमान 40 क्रेडिट पूर्ण हवेत आणि त्यावर उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप. केटी जास्त असतील तर 40 होत नाहीत. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत.

‘एबीसी आयडी काढला की क्रेडिट आपोआप जमा.’ एबीसी म्हणजे क्रेडिट जमा होण्याची बँक. तिचा आयडी डिजिलॉकरमधून पाच मिनिटांत निघतो, 12 अंकी. क्रेडिट विद्यापीठ चढवतं, विद्यार्थी नाही. आणि चढवताना नाव जुळावं लागतं. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अद्याक्षर. प्रवेशाच्या फॉर्मवर बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव लिहा आणि आधारवर स्पेलिंगचाच फरक असेल तर पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आत तो दुरुस्त करून घ्या. दिवाळीनंतर आधार केंद्रावर जाऊ म्हटलं की ते राहूनच जातं.