गेमच तर आहे, एवढं काय?

आज सकाळी आमच्या डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. तीन वर्षं, जवळजवळ दर शनिवारी, ज्या पाच जणांबरोबर टेबलाला बसले त्यांना चार ओळी लिहिल्या, कुणाला दोष न देता, आणि निघाले. दहा मिनिटांत एकाचा मेसेज, "अगं, गेमच तर आहे, एवढं काय?"

दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय.

माझ्या आईने पन्नाशीत भजनी मंडळ सोडलं. बाकीच्यांना सिनेमाच्या चाली हव्या होत्या, तिला जुन्या. तेव्हा तिला कुणी म्हणालं नाही की भजनच तर आहे. ट्रेकचा ग्रुप सोडला तरी लोकांना कळतं. कुणाला गड पळत चढायचा असतो, कुणाला टाक्यापाशी टेकायचं असतं. मग मी टेबल सोडलं की मीच हळवी कशी?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण डीएम, म्हणजे जग उभं करणारा. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमेल की नाही असं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस. सगळं एकमेकांच्या बोलण्यावर उभं असतं, म्हणून ऐकणं महत्त्वाचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. पुलावर गॉब्लिनांच्या, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसांच्या, टोळीशी आमची लढाई झाली. एक जिवंत सापडला, त्याचे हात बांधले. माझं पात्र, देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करणारी क्लेरिक, त्याच्याशेजारी बसली, त्याला पाणी पाजलं आणि मी विचारलं, "नाव काय तुझं?" डीएमने नाव ठरवलेलं नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाला, "किर्रू." आणि सांगायला लागला की बहिणीला टोळीने अडकवून ठेवलंय, म्हणून तो आला.

माझ्या अंगावर काटा आला. समोरचा माणूस माझ्या एका प्रश्नावर, तिथल्या तिथे, अख्खा जीव घडवत होता. याच्यासाठी मी सिंहगड रोडचं ट्रॅफिक तुडवत जायचे.

आणि डावीकडून आवाज आला, "मी मारतो त्याला. हात बांधलेत ना, म्हणजे ॲडव्हांटेज." ॲडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. १९ आला. त्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, होते ७. संपलं.

गॉब्लिन मारल्याचे ५० एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट. पाच खेळाडूंत वाटून प्रत्येकी १०. आम्ही पाचव्या लेव्हलला होतो, सहावी गाठायला ७,५०० लागतात. दहा पॉइंटांसाठी किर्रूचं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही!

हो, मान्य, या खेळाचं मूळ युद्धखेळातच आहे. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो आणला तेव्हा दोघेही टेबलावर छोट्या सैन्यांच्या लढाया खेळणारेच होते. नकाशावरचे चौकोन मोजून लढणाऱ्यांचाही हक्क आहे. पण मग लढाईचंच बोलू. एक राउंड म्हणजे खेळातले सहा सेकंद. मागच्या महिन्यात सहा राउंडची एक लढाई झाली, म्हणजे ३६ सेकंद. आम्ही ती तीन तास खेळलो. तीन तास! कुणाचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, किती फुटांपर्यंत पोचतो यावर वाद, मोबाइलवर नियम शोधणं, आणि माझी पाळी येईपर्यंत चहा गार. त्यात मी एकदाही तक्रार केली नाही. त्यांचा आनंद तो आहे, तर बसले शांत. माझ्या पाच मिनिटांच्या बोलण्याला मात्र दर वेळी "पुढे चला ना."

बोलले नाही असंही नाही. दोनदा बोलले. पहिल्यांदा "हो हो, बघू" झालं. दुसऱ्यांदा म्हणाले, "तू पण जरा चांगला बिल्ड कर ना." माझं पात्र दुबळं आहे म्हणून मला कंटाळा येतो असं त्यांना वाटलं. तेव्हाच कळलं की आम्ही एका टेबलावर दोन वेगळे खेळ खेळतोय.

ती माणसं वाईट नाहीत, हे लिहायलाच हवं. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा ज्याने किर्रूला मारलं तोच रात्री दोन वाजता माझ्यासोबत कॉरिडॉरमध्ये बसला होता. त्याचं आठवड्याचं काम डोकं पिळून काढणारं असतं. शनिवारी त्याला फक्त फासे टाकायचे असतात, जिंकायचं असतं. ते मला कळतं. त्याच्याशी मैत्री तोडलेली नाही. पण त्याच्याबरोबर हा खेळ खेळणं आता मला जमत नाही.

डीएमचं मात्र वाईट वाटतं. त्या रात्री "लागलं" म्हणून त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. त्यानंतर कुठल्याही कैद्याचं नाव मी विचारलं की तो पटकन म्हणायचा, "तो काही बोलत नाही."

त्याच्या मिनीज, म्हणजे टेबलावर मांडायच्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, अजून माझ्याकडे आहेत. शनिवारी परत द्यायला जाणार आहे, पाचच्या सुमारास, बाकीचे जमायच्या आत. किर्रूच्या बहिणीचं पुढे काय होणार होतं, तेवढं त्याला विचारायचंय.