टीव्हीच्या खोक्याचा हिशेब कोण ठेवणार?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही अखेर भंगारात दिला. भंगारवाल्याने मागचे झाकण उघडून आधी तांब्याची कॉइल पाहिली, मग सर्किट बोर्ड पाहिला आणि भाव सांगितला, काळ्या प्लास्टिकच्या खोक्याचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ते जाईल दाण्यात, काका." म्हणजे ते वितळवून नव्या वस्तूंसाठी प्लास्टिकचे दाणे बनवणार.

आपले ई-कचरा धोरणही त्या भंगारवाल्याच्याच नजरेने पाहते, असे मला वाटते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार उत्पादकांनी पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे घ्यायची असतात, आणि ही व्यवस्था सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबावर बेतलेली आहे. २०२२ मध्ये जगभरात निघालेल्या ६.२ कोटी टन ई-कचऱ्यात सुमारे १.७ कोटी टन प्लास्टिक होते. एवढ्या मोठ्या वाट्याला आपल्या हिशेबात रकानाच नाही.

टीव्हीचा खोका पेटू नये म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त अग्निरोधके मिसळली जात, कधी कधी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. त्यांपैकी डेका-बीडीई हे रसायन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेले. आपल्याकडे नव्या उपकरणांत या गटातील रसायनांवर ०.१ टक्क्याची मर्यादा २०१४ पासून आहे. पण माळ्यांवरून आज खाली येणारा माल त्याआधीचा आहे. तो चांगल्या प्लास्टिकमध्ये मिसळून दाणा झाला की त्यातून खेळणी किंवा स्वयंपाकघरातील काळे चमचे बनू शकतात, आणि तिथे अग्निरोधकाचे काहीही काम नसते.

धारावीतील तेरा कंपाउंड या भंगार-पुनर्चक्रणाच्या वस्तीसारख्या ठिकाणी तुकडा जाळून, धुराच्या वासावरून प्लास्टिक ओळखणारे कारागीर आहेत. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण ब्रोमीनयुक्त तुकडा जाळला की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघू शकतात आणि ती थेट त्यांच्याच छातीत जातात. महागडी यंत्रेही इथे अडखळतात, कारण अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखणाऱ्या नेहमीच्या यंत्रांना काळा रंग दिसत नाही. त्यातला काजळीचा रंग किरणच शोषून घेतो.

त्यामानाने मिठाचे पाणी हा उपाय फारच साधा आहे. उपकरणांच्या कवचांसाठी वापरले जाणारे साधे एबीएस आणि हिप्स प्लास्टिक पाण्यात बुडते, पण योग्य प्रमाणात मीठ घातले की तरंगते. ब्रोमीनने जड झालेला तुकडा मात्र तळाशीच राहतो. ही विभागणी अचूक नसते, म्हणून तरंगलेल्या मालाचे नमुने क्ष-किरणांच्या हातयंत्राने तपासावे लागतात. ते काही सेकंदांत ब्रोमीन दाखवते, पण त्याची किंमत लाखांत असल्याने एकट्या गाळेवाल्याला परवडत नाही. दहा-वीस गाळ्यांनी मिळून घेतले तर परवडेल. तपासलेल्या, एकसारख्या एबीएसचा दाणा पुन्हा उपकरणांच्या कवचात वापरता येतो, आणि खरी संधी तिथेच आहे. बादल्या-मगांच्या बाजारात तो उतरवणे म्हणजे चांगल्या मालाची माती करणे होय.

म्हणून प्लास्टिकलाही प्रमाणपत्र द्यावे, मात्र ते वजनावर न देता ब्रोमीनच्या चाचणीवर द्यावे, असे माझे मत आहे. बुडालेला ढीग तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन नष्ट करण्याचा खर्च उत्पादकांच्या माथी असावा; तो गाळेवाल्यावर टाकला, तर तोच ढीग रात्रीतून पुन्हा चांगल्या दाण्यात मिसळला जाईल.