फील्ड प्रोजेक्ट, झेरॉक्सचं दुकान आणि खारपाणपट्ट्याचा अभ्यासक्रम

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सत्र संपत आलं की आमच्याकडं तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांवर कागद चिकटतो : 'फील्ड प्रोजेक्ट तयार मिळेल, बाइंडिंगसह.' नाव सांगायचं, रोल नंबर सांगायचा, अर्ध्या तासानं यायचं. विषय ठरलेले. 'महिला बचत गट : एक अभ्यास', 'ग्रामीण आरोग्य : एक अभ्यास', 'जलसंधारण : एक अभ्यास'. मागं माझ्यापुढं तपासायला आलेल्या एका प्रोजेक्टमधल्या प्रश्नावलीत ऊसतोड मजुरांबद्दल प्रश्न होते. दर्यापूर तालुक्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या खारपाणपट्ट्यात, ऊस! दुकानदारानं गावाचं नाव बदललं होतं, पीक बदलायचं राहून गेलं. पोरानं ते उघडूनही बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही बघितलं नाही. गुण चांगले पडले.

मी भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर. त्यामुळं हे सगळं दोन्ही बाजूंनी दिसतं. पोरांना दोष देण्यात मला रस नाही. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आलं आणि त्याबरोबर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस अशी आद्याक्षरांची रांगच आली. त्या रांगेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट असे दोन रकाने आहेत. दोन क्रेडिटचा रकाना, प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 60 तास. कागदावर हे 60 तास पोरांनी गावात, वावरात, नदीवर, दवाखान्यात, बाजार समितीत घालवायचे आहेत. अख्ख्या पदवीत एवढी मोकळी जागा दुसरीकडं कुठंच नाही, आणि तीच आपण झेरॉक्सवाल्याला देऊन बसलो आहोत.

माझं म्हणणं असं. या 60 तासांचा अभ्यासक्रम पोरांनाच लिहू द्या. सात-आठ जणांचा गट करा. प्रश्न त्यांचा. काय वाचायचं, कुणाला भेटायचं, आधी काय शिकायचं, नंतर काय, शेवटी काय दाखवायचं, हे त्यांनी बसून लिहायचं. एका प्राध्यापकानं त्यांच्याबरोबर राहायचं, अडवायचं, विचारायचं, आणि तयार झालेला आराखडा विभागानं मंजूर करायचा. मग काम सुरू.

हे ऐकलं की स्टाफरूममध्ये पहिली प्रतिक्रिया येते : हे अमेरिकेतलं फॅड आहे. अमेरिकेत हे होतं, हे खरंच आहे. ब्राऊन विद्यापीठात 1966-67 च्या सुमारास आयरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल या विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं एक गट बसला. विषय काय, तर आपल्याच विद्यापीठातलं पदवीचं शिक्षण. प्राध्यापकांच्या साथीनं त्यांनी जाडजूड अहवाल लिहिला, आंदोलनं झाली, चर्चा झाल्या आणि 1969 मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी नवा अभ्यासक्रम मंजूर केला. पोरांनी गटानं स्वतःचा कोर्स रचायची सोय तिथं आजही आहे. पण ती कशी आहे ते ऐका. एक सत्र आधी प्रस्ताव द्यावा लागतो. वाचनाची यादी लागते. काम कसं तपासणार ते लिहावं लागतं. जबाबदारी घेणारा प्राध्यापक लागतो. आणि समितीनं होकार दिला तरच कोर्स होतो. म्हणजे पोरांना मोकळं सोडलं की झालं, असा प्रकार तिथंही नाही. उलट तयार अभ्यासक्रमापेक्षा यात डोकेफोड जास्त.

डेन्मार्कमध्ये रोस्किल्ड विद्यापीठ 1972 मध्ये सुरू झालं तेच मुळी गटानं प्रकल्प करण्याच्या पद्धतीवर. तिथं सत्राचा जवळपास अर्धा वेळ प्रकल्पाला जातो.

पण मला आधार शोधायला एवढं लांब जायची गरजच वाटत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गाव आहे, लेखा नावाच्या गावाशेजारचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. घोषणा सगळ्यांना पाठ आहे, त्यामागचा अभ्यासगट फार कुणाला माहीत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं लोक ठरवून अभ्यासाला बसायचे. जंगल, मध, बांबू, कायदा, जो प्रश्न समोर असेल तो. बाहेरचा जाणकार बोलवायचे, त्याला विचारायचे, आपसात वाद घालायचे. गंमत अशी की निर्णय अभ्यासगटात होत नसे. तिथं फक्त अभ्यास. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. याच गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी एक. कायद्याचं पुस्तक कुठल्याही विद्यापीठानं त्यांच्या अभ्यासक्रमात लावलं नव्हतं. गरज पडली, म्हणून वाचलं.

काही जण इथं गांधीजींच्या नई तालीमचं नाव घेतील. वर्ध्याचं आहे, 1937 चं आहे, अभिमान वाटतोच. पण झाकीर हुसेन समितीनं तेव्हा इयत्तावार अभ्यासक्रम स्वतः लिहून दिला होता. हातानं काम करत शिकणं तिथून घ्यावं. अभ्यासक्रम कुणी लिहायचा, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मेंढ्यातच जास्त सापडतं.

आता आमच्याकडं काय झालं ते सांगते. एका गटाला मी म्हटलं, तुम्हीच लिहून आणा, काय शिकायचंय ते. विषय त्यांनी पाणी घेतला. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक, दुसरं सुचणार काय? चार दिवसांनी आराखडा आला. घटक 1 : पाण्याची व्याख्या, स्वरूप व महत्त्व. घटक 2 : पाण्याचे प्रकार. घटक 3 : जलप्रदूषण, कारणे व उपाय. घटक 4 : शासकीय योजना. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा हातात कोरा कागद दिला, तर पोरांनी त्यावर विद्यापीठच उतरवून आणलं. बारा-पंधरा वर्षं आपण त्यांना दुसरं काही दाखवलेलं नाही.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, घरी पाण्याचं काय होतं ते सांगा. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मामाच्या गावी शिजते. दोन कोसावर आहे गाव. काहून?" दुसरा म्हणाला, त्याचा आजा सांगतो की इथं आधी समुद्र होता. तिसऱ्यानं विचारलं ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं : गावात आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचा, प्लांट आहे, पाच रुपयांत कॅन मिळते, "पण त्या आरओचं उरलेलं पाणी जाते कुठं?"

झाला अभ्यासक्रम. पुढचं सगळं या तीन प्रश्नांतून निघालं. डाळ का शिजत नाही याला पाण्याचा जडपणा कळावा लागतो, म्हणजे रसायनशास्त्रवाल्या सरांकडं जाणं आलं. समुद्र होता की नव्हता याला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला गाळाचा जाड थर, त्यात साठलेले क्षार, न होणारा निचरा हे सगळं आलं. तो तर माझाच विषय. उरलेलं पाणी कुठं जातं, याला मात्र पुस्तक नव्हतं. त्यासाठी प्लांटच्या मागं जाऊन नळी बघावी लागली. नळी नालीत सोडलेली होती, आणि नाली पुढं कुणाच्या वावराच्या धुऱ्याला लागत होती ते पोरांनी चालत जाऊन पाहिलं.

क्रमावरून भांडण झालं ते मला फार आवडलं. अर्ध्यांना आधी गावात जाऊन विहिरींचे नमुने घ्यायचे होते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर मागवून झालं होतं, हात शिवशिवत होते. एक पोरगा आडवा लागला. म्हणाला, आकडा येईल, पण तो जास्त आहे की कमी हे तुले कसं समजीन? बरोबर होतं त्याचं. मग आधी भारतीय मानक आयएस 10500 काढलं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यायचे. हे वहीत लिहून मगच गट निघाला. पहिल्याच बोअरवर मीटरनं दोन हजार ओलांडले, तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात आणि त्यांची पातळी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी ठरलेल्या महिन्यांत मोजतात, हे त्यांनी शोधून काढलं. तिथली माहिती मागायचा अर्ज त्यांनी तीनदा फाडून लिहिला. एवढं शुद्धलेखन मी वर्गात कधी करवून घेऊ शकले नसते.

हे वाचून कुणाला वाटेल, बाईंचा प्रयोग झकास झाला, टाळ्या. थांबा. आता अडचणी.

गटात काम म्हटलं की दोन जण राबतात आणि बाकीचे नाव लावतात. आमच्याकडं एक पोरगा पोलीस भरतीच्या ग्राउंडमुळं येईना, दुसरा कापूस वेचाईच्या दिवसांत घरी अडकला. दोघांची कारणं खरी होती. पोरांनी मग स्वतःच नियम लिहिला : गावात न येणाऱ्यानं आकडे संगणकावर चढवायचे आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांनी सगळ्यावर उत्तर द्यायचं. मला वाटतं गुणांचा तोडगा यातच आहे. अहवाल गटाचा, त्याचे गुण सगळ्यांना सारखे, आणि तोंडी परीक्षा एकेकाची. यावर वाद होणारच. डेन्मार्कच्या सरकारनंही मध्यंतरी गटाची एकत्र परीक्षा बंद केली होती आणि पुढं परत आणली. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात विद्यार्थी स्वतः कोर्स चालवतात, तिथं गुणांच्या भानगडीत न पडता नुसतं पास-नापास ठेवलं आहे. आपल्याकडं पास-नापास चालणार नाही, कारण सीजीपीएवर पुढचे प्रवेश आहेत. म्हणून तोंडी.

पोरींची अडचण वेगळी. शेवटची एसटी गेली की संपलं. एका वडिलांचा फोन आला, "पोरगी कालेजात शिकाले जाते का गावोगाव फिराले?" त्यांची चूक नाही. महाविद्यालयाच्या शिक्क्याचं पत्र, वेळ, कोण सोबत आहे, हे लेखी गेलं की फोन थांबतात. हे कुणी करायचं? प्राध्यापकानं.

आणि इथंच सगळं येऊन अडतं. ही देखरेख कोणत्या तासात बसते? माझं मानधन घेतलेल्या तासांवर आहे. वर्गात उभी राहून 'पाण्याची व्याख्या, स्वरूप व महत्त्व' सांगितलं तर तो तास. रविवारी गटाबरोबर गावात गेले, संध्याकाळी आराखड्यावर लाल पेन चालवलं, कार्यालयात अर्जासाठी बसले, तर तो तास नाही. मी विचारलं तेव्हा आमच्या कार्यालयातून उत्तर आलं, टाइमटेबलमध्ये दाखवता येत नाही. ग्रामीण विदर्भातल्या कितीतरी विभागांचा गाडा तासिकावाल्यांवर चालतो, मग फुकटच्या देखरेखीवर ही पद्धत किती दिवस टिकणार? एखाद-दुसरी हौशी बाई करेल, तिची बदली तरी होईल नाहीतर ती थकेल, आणि झेरॉक्सवाला आहेच.

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचार करायला लावतो. एक ज्येष्ठ सर म्हणाले, पुण्या-मुंबईच्या पोरांना निवड करता येते, कारण घरात पुस्तकं आहेत, ओळखी आहेत. आपल्या पोरांच्या घरातली ही पहिलीच पदवी. त्यांना तयार, नेटका अभ्यासक्रम द्या, निदान पाया पक्का होईल. सरांच्या बोलण्यात पोरांबद्दल कळकळ होती, म्हणून मी ते उडवून लावत नाही. पाया लागतोच. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, पेपर आहेत तसे राहू द्या, त्यांना हात लावा असं मी म्हणतच नाही. पण ज्या पोरीला डाळ शिजत नाही म्हणून प्रश्न पडतो आणि जिच्या घरात तो विचारायला कुणी नाही, तिलाच तर कॉलेजात विचारायची जागा हवी. पुण्याच्या पोराला ती घरच्या जेवणाच्या टेबलावर मिळते. शिवाय आमच्या पोरांकडं एक गोष्ट आहे जी पुण्याच्या पोराला पैसे देऊन मिळणार नाही : प्रश्न त्यांच्या दारात आहे. खारं पाणी इथं आहे. वरुड-मोर्शीच्या संत्र्याखालचं खोल गेलेलं पाणी तिथल्या पोरांच्या बोअरमध्ये आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. औषधाच्या डब्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण काय सांगतो, दोन औषधं एकत्र केली की काय होतं, आणि इतकी फवारणी करावीच का लागली, यावर यवतमाळच्या एखाद्या गटानं 60 तास लावले तर मी स्वतः तो अहवाल वाचायला जाईन.

माझ्या मित्रयादीत विद्यापीठाच्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर असलेले चार-पाच जण तरी आहेत, अमरावतीचे, नागपूरचे, एक गोंडवाना विद्यापीठाचे. तुमच्याकडं मागणं मोठं नाही. फील्ड प्रोजेक्टच्या नियमात दोन ओळी घाला. एक, गटाला स्वतः लिहिलेला आराखडा देता येईल आणि सत्र सुरू व्हायच्या आत विभाग तो मंजूर करेल. दुसरी, एका गटामागं मार्गदर्शकाचे आठवड्याला दोन तास कार्यभारात धरले जातील, तो पूर्णवेळ असो वा तासिकेवर. दुसरी ओळ येणार नसेल तर पहिलीची घाई करू नका. ती कागदावरच राहील, आणि उद्या दुकानावर 'स्वयंरचित आराखडा तयार मिळेल' अशी पाटी लागेल.

आमच्या गटानं लिहिलेला आराखडा दोन पानांचा आहे, खाडाखोडीसकट. पोरांनी पाठवायला परवानगी दिली आहे. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये मागा. त्यातला आरओवाला भाग अजून अर्धवट आहे. प्लांटवाल्यानं दुसऱ्यांदा आत येऊ दिलं नाही, म्हणून पोरं आता ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायच्या तयारीत आहेत.