ओठ चिरले की बी-कॉम्प्लेक्स? आधी कारण बघा

तोंडाचे कोपरे चिरले की आपल्याकडे उपाय ठरलेले. उष्णता झालीय, सब्जा घे. बेंबीत तेल घाल. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप आण. चार दिवसांत बरं वाटलं तर उत्तमच. पण महिनोन्‌महिने तेच दुखणं अंगावर काढणारी माणसं बघून जीव तुटतो.

माझ्या सासूबाईंचंच बघा. दोन्ही कोपऱ्यांत लाल चीर, भोवतीची कातडी पांढुरकी, ओलसर. तोंड उघडवेना म्हणून भाकरी आमटीत कुस्करून खायच्या. गोळ्या चालूच होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी कवळी दाखवायला सांगितली. जुनी, झिजलेली, रात्रीही तोंडातच. कवळी झिजली की जबडे जास्त मिटतात, कोपऱ्यांना घडी पडते, तिथे लाळ साचते आणि त्या ओलाव्यात कँडिडा ही बुरशी वाढते, कधी जिवाणूही. शुगर आणि हिमोग्लोबिनही तपासलं, कारण मधुमेहात किंवा लोह कमी असलं तरी कोपरे परत परत चिरतात. बुरशीचं मलम, नवी कवळी, आणि रात्री ती काढून पाण्यात ठेवायची. आता सासूबाई पूर्वीसारख्या भाकरीचा तुकडा मोडून खातात.

बी-2, बी-12 कमी असेल तर गोळ्यांचा उपयोग होतोच. पण लिपस्टिकची किंवा टूथपेस्टमधल्या स्वादाची ॲलर्जी असेल तर गोळ्या काय करणार? त्यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात आणि पुढचे काही दिवस कातडी बघतात. मुलं ओठ चाटून भोवती लाल कडं करून घेतात. तिथे साधं व्हॅसलिन आणि सवय मोडणं, एवढंच लागतं.

मला खरा राग आहे तो ‘लावून बघा’ म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या ट्यूबांचा. स्टिरॉइड वाईट नाही, डॉक्टर मोजके दिवस सौम्य मलम देतातही. पण नुसतं स्टिरॉइड चोपडत राहिलं तर लाली दबते, खालची बुरशी तशीच राहते, आणि तोंडाभोवती पुरळ उठतं ते वेगळंच.

आणि एक कळकळीची विनंती. शेतात, बांधकामावर उन्हात राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचा खालचा ओठ उजेडात नीट बघा. तो कायम खरखरीत, पांढुरका असेल, ओठाची कड पुसट झाली असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर तूप लावत बसू नका. वर्षानुवर्षांच्या उन्हानं होणारा ओठाचा हा बिघाड पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, तंबाखू असेल तर धोका आणखी. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तर टाळू नका. ओठाचा बारीकसा तुकडा असतो, जागा बधिर करून काढतात.