एकदा आत गेलात की संपलं!

विमानतळावर सिक्युरिटी चेक ओलांडला की आपण प्रवासी उरत नाही, कोंडीत सापडलेलं गिऱ्हाईक होतो. परत बाहेर जाऊन काही आणता येत नाही, हे आतल्या दुकानाला पक्कं ठाऊक. बहुतेक विमानतळांना दुकानाकडून भाड्यासोबत विक्रीतला टक्काही हवा असतो. तो वसूल कुणाकडून होणार? आपल्याकडूनच!

मासिक घ्यावं तर ते प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद. अनुक्रमणिका दिसत नाही, चाळता येत नाही. घ्यायचं कशाच्या भरवशावर? तारीख बघा, मागच्या महिन्याचा अंक! पुस्तकाच्या पाठीवर छापील किमतीच्या बरोब्बर वर चिकटवलेलं स्टिकर, नखाने खरवडलं तरी निघत नाही. आणि मांडणीत काय? यशाची सूत्रं आणि थरारकथा. कविता नाही, कथासंग्रह नाही. वाचणाऱ्याला इतकं गृहीत का धरता?

वेफर्सच्या पाकिटाचा आकार बघू नका, मागचं निव्वळ वजन वाचा. आत बरीचशी जागा नायट्रोजन वायूचीच. विमानात हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरतो, पाकीट टम्म फुगतं आणि जोरात फाडलं की चुरा मांडीवर.

पाण्याचा तर संताप येतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत कुठलाही द्रव न्यायचा नाही, हा २००६ पासूनचा नियम बऱ्याच ठिकाणी अजून आहे. म्हणजे आपलं पाणी ओतून द्यायचं आणि दहा पावलांवर तेच दामदुपटीने घ्यायचं. रिकामी बाटली न्या, ती चालते. आत नळ असतो, पण शौचालयामागच्या कोपऱ्यात, बोटभर पाटी लावून. ती पाटी दुकानाइतकी मोठी का नाही?