काकांना दिसलेलं तळं

तळं मला दिसलं नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, गेटवरचं तिकीट, आतल्या बसचं वेगळं तिकीट आणि वर १,४४२ पायऱ्या, एवढं सगळं करूनही दिसलं नाही. ईशान्य चीनमधला चांगबाई पर्वत, त्याच्या माथ्यावर ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तियान्ची तळं, उंची २,१८९ मीटर. मी पोचले तेव्हा इडलीपात्राचं झाकण उघडल्यावर चष्म्याचं जे होतं, ते अख्ख्या डोंगराचं झालं होतं. कठडा दिसत होता. कठड्याला चिकटलेली माणसं दिसत होती. त्यापलीकडचं जग अर्धवट सोडून कंत्राटदार पळालेला.

हेही मी मनाला लावून घेतलं नसतं. लोणावळ्याला दर पावसाळ्यात पेट्रोल जाळून आपण दुसरं काय बघायला जातो? पण आमच्या ग्रुपमध्ये सोलापूरचे काका होते.

काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आदल्या रात्री जेवताना "गिरनारच्या दहा हजार पायऱ्या केल्यात आम्ही, हे काय घेऊन बसलात" असं त्यांनी सगळ्या टेबलाला ऐकवलं होतं. सकाळी पहिल्या पायरीपाशी डोलीवाले दिसताच ते एक शब्द न बोलता डोलीत जाऊन बसले. दोन बांबू, मध्ये खुर्ची, पुढे एक माणूस, मागे एक. मी अर्ध्या वाटेत धापा टाकत टेकले होते, तेव्हा भाड्याच्या जाडजूड कोटात, मांडीवर हात ठेवून काका माझ्या शेजारून वर गेले. जाता जाता म्हणाले, "सावकाश ताई, घाई करू नका. तळं कुठं पळून जात नाही."

मी वर पोचले, तर काका कठड्यापाशी उभे. चेहऱ्यावर सत्यनारायण आटोपल्याचं समाधान.

"आत्ता होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तळं. तुम्ही त्या वळणावर आलात ना, तेव्हा गेलं."

म्हणजे मीच हुसकावलं.

"किती वेळ दिसलं?"

"चांगलं दिसलं."

"पण किती वेळ?"

"दोन-तीन सेकंद. पण पूर्ण."

"रंग कसा होता?"

"पाण्याचा असतो तसाच."

"काकू, तुम्हाला दिसलं?"

काकू पर्समध्ये आवळा सुपारी शोधत होत्या. "हे म्हणतायत तर असेल," त्या मान वर न करता म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसाराचं सगळं धोरण त्या एका वाक्यात होतं.

मीही हट्टाला पेटले. "काका, केवढं होतं?"

काकांनी डोळे बारीक करून धुक्याकडे पाहिलं. "नजरअंदाजे अडीच हजार एकर. चतुःसीमा सांगू का?"

रात्री हॉटेलात मी शोधलं. ९.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे २,४२७ एकर. झोप उडाली. माहितीपत्रक चिनी असलं तरी आकडे सगळ्यांनाच वाचता येतात, आणि हेक्टरचे एकर करण्यातच ज्याची हयात गेली त्याला त्यात काय अवघड, अशी मी माझी समजूत घातली. पण खरा राग त्याचा नव्हताच. "श्रद्धा लागते, ताई," असं काका वर सगळ्यांदेखत म्हणाले होते. श्रद्धेचं तिकीट वेगळं असेल, तर ते गेटवरच सांगायला नको?

बाकी या डोंगराचा इतिहासच काकांच्या बाजूचा आहे. चीनवर राज्य केलेल्या चिंग घराण्याचं कूळ म्हणे इथलं. पायथ्याच्या तळ्यात तीन अप्सरा आंघोळ करत होत्या, एका पक्ष्याने आणलेलं लाल फळ धाकटीने खाल्लं, तिला दिवस गेले आणि जो मुलगा झाला तो या घराण्याचा मूळपुरुष. पुढे १६७७ मध्ये सम्राट कांगशीने उमुना नावाच्या सरदाराला हा डोंगर प्रत्यक्ष बघून यायला पाठवलं. तो पोचला तर असंच धुकं! मग उमुनाने गुडघे टेकले, फर्मान वाचलं आणि क्षणात धुकं विरून डोंगर लख्ख दिसला, असा अहवाल त्याने परत जाऊन दिला. दुसरा कुठला अहवाल देणार? वरिष्ठांना असा अहवाल देणारा माणूस मी ओळखते, तो सोलापूरला राहतो.

खुद्द कांगशी १६८२ मध्ये जीलिनपर्यंत आला, तिथूनच डोंगराच्या दिशेने नमस्कार केला आणि परत गेला. ना भाड्याचा कोट, ना पायऱ्या. त्याच्या घराण्याने हा सगळा मुलूख पूर्वजांची भूमी म्हणून कितीतरी काळ बाहेरच्यांना बंद ठेवला होता. कठड्यापाशी माझ्या पायावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या बाईंकडे पाहताना त्या धोरणात मला बरंच तथ्य वाटलं.

आणि पलीकडच्या बाजूला तरी वेगळं काय? १९६२ च्या करारात या तळ्याचे दोन वाटे झाले, निम्म्याहून थोडा जास्त उत्तर कोरियाकडे गेला. तिथले दिवंगत सर्वेसर्वा किम जोंग इल यांचा जन्म याच डोंगरावर झाला असं ते सरकार सांगतं. सोव्हिएत नोंदी रशियातलं एक खेडं दाखवतात. तळ्यात एक अजस्र प्राणी राहतो, असंही शपथेवर सांगणारे लोक आहेत. एकूण इथं कुणी काय पाहिलं ते विचारायचं नाही, ऐकून घ्यायचं.

पण मला पैशांचं विचारायचं आहे. वर काही दिसत नाही हे खाली तिकीट फाडणाऱ्याला माहीत नसतं? माहीत असतं. तो बोलत नाही. धुक्याचे पैसे परत मिळत नाहीत. उलट खाली उतरल्यावर निळ्याशार तळ्याचे फोटो विकायला ठेवलेले, म्हणजे जे दिसलं नाही त्याचे आणखी पैसे. आपल्याकडेही हेच चालतं, पण आपल्याकडे निदान भांडता येतं. मी मराठीत थोडं भांडून पाहिलं. समोरची मुलगी गोड हसली आणि तिने मला पिशवी दिली.

परतीच्या बसमध्ये साथ पसरायला सुरुवात झाली. आधी काकूंना आठवलं, की "चमकल्यासारखं काहीतरी" होतं. मग नाशिकच्या जोडप्याला पलीकडचा काठ दिसला होता. जेवणापर्यंत निम्म्या ग्रुपचं दर्शन झालेलं होतं आणि काका सूप ओढत एकेकाची साक्ष नोंदवून घेत होते. काकांनी व्हॉट्सॲपवर एक संपूर्ण पांढरा फोटो टाकला. त्याखाली बावीस जणांनी हात जोडले.

खोलीत आल्यावर नवरा जरा घुटमळला. म्हणाला, "खरं सांगू? मलाही थोडंसं निळं दिसलं होतं."

"कधी?"

"तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतीस ना, तेव्हा."

माझे बूट वेल्क्रोचे आहेत.